गुरुजींच्या नळाचं पाणी

घर विकायचं असेल तर आपला पसारा दिसू द्यायचा नाही, असं लेकीने, रोशनीने ऊर्जानगरहून फोनवर सांगितलं आणि श्रावण गुरुजींनी ते वहीत लिहून घेतलं. धानोऱ्याच्या अलीकडचं हे घर दोन गिऱ्हाइकांनी "नळाला पाणी नाही" म्हणून सोडलं होतं. रोशनीला नववा महिना लागत होता. लेकीजवळ राहायला जायचं तर तिसरं गिऱ्हाईक हातचं जाऊ देऊन भागणार नव्हतं.

"आंगणात एक वस्तू दिसली नाई पाह्यजे!" गुरुजींनी फर्मान काढलं. त्यांच्या बायकोने, कमलाबाईंनी सूप-टोपल्या माळ्यावर चढवल्या. राहिली शेजारच्या बुधरीची मोहफुलांची दोन गाठोडी. अंगणातल्या मोहाखालची फुलं ती दर चैत्रात वेचायची आणि इथेच वाळवायची. छतावरची काळी टाकी दोन वर्षं कोरडी होती. कमलाबाईंनी गाठोडी तिच्यात सोडली, झाकण लावलं आणि हात झटकले.

दुसऱ्या दिवशी त्या बाजाराला गेल्या असताना गुरुजींनी गावातल्या बिरजू मिस्त्रीकडून टाकीची मोटर दुरुस्त करून घेतली. टाकी भरली, नळ वाहिला.

"पाहुणे येतपर्यंत नळाले हात लावू नोको," त्यांनी बायकोला बजावलं. "ते पाणी त्यायच्यासाठी हाय."

घरात हातपंपाचंच पाणी येत राहिलं. गाठोडी तर कमलाबाई केव्हाच विसरल्या होत्या. पाहुण्यांनी चार दिवस उशीर केला आणि वर उन्हात टाकी तापत राहिली.

पाचव्या दिवशी मूल गावाहून राइस मिलवाले सोमाजी आणि त्यांची बायको उर्वशीबाई आले. सोमाजींनी उभ्याउभ्याच घर पाहिलं, नजर सारखी घड्याळावर.

"नळाले पाणी हाय का?"

"हाय का म्हंजे!" गुरुजींनी ऐटीत नळ सोडून पाण्याचा पितळी गुंड भरला. कमलाबाईंनी त्याच पाण्याचं कैरीचं पन्हं केलं. मोहाचा वास आला खरा, पण चैत्रात त्या अंगणात दुसरा वास असतोच कुठे!

सोमाजींनी तीन पेले घेतले, बाकीच्यांनी दोन-दोन. मग ते खाटेवर बसले. मग लवंडले.

"गुरुजी, हे झाड खाली येऊन राह्यलं का?"

"नाई. फुलं येऊन राह्यले."

एक फूल तरंगत सोमाजींच्या पोटावर पडलं. चौघंही त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. गुरुजींनी बावीस वर्षं शाळेची व्यसनमुक्तीची फेरी काढली होती, कधी थेंबाला शिवले नव्हते. आज त्यांना अंगण वैनगंगेतल्या डोंग्यासारखं हळूहळू डुलताना दिसत होतं, आणि ते फार बरं वाटत होतं.

"मिलचा आवाज गेला कानातून," सोमाजी पुटपुटले. "काय शांती हाय इथी! सौदा पक्का."

तेवढ्यात कुंपणाशी बुधरी आली. "बाई, माहे मोहफूल कुठी ठेवले?"

कमलाबाईंची नजर टाकीवर गेली, तिथून नळावर, तिथून पेल्यांवर. गुरुजींना सगळं समजलं. गप्प बसलं असतं तर कोणाला कळणार होतं? रोशनी डोळ्यांपुढे आली. पण आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेलं. ते दुसऱ्या प्रयत्नात उभे राहिले.

"सोमाजी, सौदा मोडा. हे सुख माह्या घराचं नाई. टाकीतल्या मोहाचं हाय."

सोमाजी ताडकन उठू गेले, अर्ध्यातच बसले. "म्हंजे मी पेलो? हिले सांगू नोका!" त्यांची कुजबुज साऱ्या अंगणाला ऐकू गेली.

"मले काय सांगता?" बुंध्याला टेकलेल्या उर्वशीबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "माह्यं माहेर कोरचीचं, मोहाच्या रानातलं. पयल्या घोटातच समजलं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"लग्नाले अठरा वर्षं झाले. तुमी आज पयल्यांदा माह्याजवळ दोन तास बसले."

सोमाजींनी घड्याळ पाहिलं नाही. हळूच काढून खिशात टाकलं.

"घर घेऊ," उर्वशीबाई म्हणाल्या. "झाड तसंच राहू द्या, टाकी तेवढी धुवून द्या, गुरुजी."

गुरुजींनी मान हलवली. ती थांबवायला त्यांना जरा वेळ लागला.

"आता चढतोच वर."

"आज नाई," उर्वशीबाईंनी रिकामा पेला पुढे केला. "उद्या धुवा."