जनूकाकांचा रविवारचा रेडिओ

आमचे घरमालक जनूकाका बोलायला लागले की खालच्या चहावाल्यालाही वर काय चाललंय ते कळतं. पण फोनवरचं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं रे दाबलं, की हा माणूस तोंडावर हात ठेवतो आणि खुणा करायला लागतो. खुणा कसल्या, हातवारेच! माझी एक फुलदाणी गेली त्यात.

माझी रेवा तिसरीत आहे. तिला गोष्ट सांगायला शिकवायचं काकांनी स्वतःहून अंगावर घेतलंय. दर रविवारी सकाळी शेजारच्या घरातून येतात, पंखा बंद करतात आणि मला दम भरतात, "ताई, कुकर उतरवा. आमचा रेडिओ चालू हाय." पाच मिनिटांची गोष्ट, कधी नुसता आवाज, कधी व्हिडिओ. ती जाते सोसायटीच्या ग्रुपवर.

पहिल्याच दिवशी रेवानं सुरू केलं, "एका जंगलात एक राजा..." काकांनी रेकॉर्डिंग बंद करून फोन पालथा घातला.

"कुठलं जंगल? कोन राजा? तू बगलायस त्याला? आपल्या बिल्डिंगमदलं सांग. आदी जागा, मंग मानूस, मंग भानगड!"

भानगडीला काय तोटा? सेक्रेटरीसाहेब लिफ्टमध्ये अडकले होते. रेवानं एका दमात त्यांना अडकवलं आणि सोडवलंही. काका कळवळले. "अगो, लगेच कशाला भायेर काढलंस त्याला? रवू दे की थोडा वेल आत!" मग गोष्टीतले साहेब चांगली तीन मिनिटं आत राहिले. आतून मारलेल्या हाका माझ्या आवाजातल्या. साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

गेल्या रविवारी रेवाला सांगायचं होतं, आपली बिल्डिंग नव्हती तेव्हा इथे काय होतं. इथे काकांचं भातशेत होतं, म्हणजे माहिती एकट्या त्यांनाच. तिनं फोन त्यांच्यापुढे धरला. "आज तुम्हीच सांगा."

काका मागे सरकले. "नको गो. माजं बोलनं रेडिओचं नाय." मग खाली बघत म्हणाले, "नातवाच्या वाडदिवसाला सीवूड्सला गेलतो, मॉलमदी. पोरगा कानात बोलला, आजोबा, माज्या मित्रांसमोर बोलू नका ना." आणि हसले.

मला फार वाईट वाटलं. मी मूळची नांदेडची. ऑफिसात माझं बोलणं मीही घासूनपुसून घेतलंय, कुणी न सांगता.

रेवानं फोन बाजूला ठेवला. "मग मला एकटीला सांगा."

काका हळूहळू सांगायला लागले. खाडीच्या कडेचं शेत. एका सकाळी भरतीनं बांध फोडला, खारं पाणी आत यायला लागलं, आणि त्यांची आई कमरेभर पाण्यात उभी राहून चिखलानं भगदाड बुजवत होती.

"मग? वाचलं शेत?" रेवा पार पुढे सरकली होती.

काकांनी तिच्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं.

"दाब तुजं बटन. मंग सांगतो."

तोंडावर हात न ठेवता त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, त्यांच्या त्याच बोलीत. मी ते ग्रुपवर टाकायला फोन घेतला तर म्हणाले, "ताई, नातवाला पन येगलं पाटवाल?"

"हो काका."

"माजं नाव नका घालू," ते म्हणाले. "बगू, आवाज वलखतो का."