वस्ताद सायकल निवडतात

"इलेक्ट्रिक सायकल निवडायला अक्कल लागत नाही, नजर लागते," वस्ताद म्हणाले आणि वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावरून अलगद कानाकडे नेला. "आणि नजर आपल्याकडे आहे."

"अगदी बरोबर बोललात, वस्ताद," गिऱ्हाईक म्हणालं.

दुसरं काय म्हणणार बिचारं? गळ्यावर वस्तरा टेकलेला असताना कोण वाद घालणार? इतकी वर्षं हे सलून चाललं होतं. फ्रीज, जावई, गुडघेदुखी, गळकं छप्पर, कशाकशावर वस्तादांनी मतं दिली होती, आणि त्यातलं एकही मत आजवर कुणी खोडून काढलं नव्हतं. त्यामुळे आपण कधी चुकतच नाही अशी त्यांची अगदी प्रामाणिक समजूत झाली होती. तुमचीही झाली असती.

अपवाद फक्त मास्तरांचा. शाळेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ रोज सकाळी फुकटचा पेपर वाचायला सलूनमध्ये येऊन बसत. डोक्यावर केस औषधालाही नाही, आणि दाढी करायचे घरी. म्हणजे वस्तऱ्याखाली मान द्यायचा प्रश्नच नव्हता. त्या सलूनमध्ये मनात येईल ते बोलू शकणारा असा तो एकच नागरिक होता, आणि तो हक्क तो पुरेपूर वापरायचा.

गल्लीच्या वरच्या टोकाला सायकलवालीचं दुकान उघडलं तेव्हापासून वस्तादांना नवा विषय मिळाला होता. सकाळच्या गिऱ्हाइकाकडून ऐकायचं आणि दुपारच्या गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायचं. मोटर चाकात असावी की पायडलपाशी, बॅटरी काढून घरात नेता आली पाहिजे की नाही, ब्रेक दाबला की मोटर आपोआप कशी बंद पडते, सगळं तोंडपाठ. आणि एक वाक्य तर त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं: "मोटरला जोराचे पाच नंबर दिलेत ना? मग पाचवरच चालवायची. एक नंबरवर चालवणं म्हणजे मोटरचा अपमान." अर्धी गल्ली वस्तादांनी स्वतः कोणती सायकल घेतात ते बघून मगच घेऊ म्हणून थांबली होती.

सगळं छान होतं. फक्त वस्तादांना सायकल येत नव्हती. इलेक्ट्रिक सोडा, साधीसुद्धा. लहानपणी बरोबरीची पोरं पडत-झडत शिकत होती तेव्हा हे कडेला उभे राहून त्यांना कसं चालवायचं ते सांगत होते. पोरं शिकली आणि निघून गेली. हे कडेलाच राहिले.

त्या दिवशी बायको डबा घेऊन आली. वस्तादांनी तिला पाहिलं ते आरशात. त्यांची सगळी दुनियाच आरशातली. गिऱ्हाइकाशी बोलायचं आरशातून, दारात कोण आलं ते बघायचं आरशातून. खरा माणूस नेहमी पाठमोरा आणि बोलणारा माणूस काचेत, अशी त्यांच्या डोळ्यांना सवय पडून गेली होती. बायको दारात उभी राहून पाच नंबरचं व्याख्यान ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "अहो, मग आपण कधी घ्यायची?"

वस्तरा हवेत थांबला.

तिचं म्हणणं खरं होतं. नवं घर चढावर होतं, वस्तादांचे गुडघे जिना चढताना शेजाऱ्यांना ऐकू येत, आणि चालत घरी पोचेपर्यंत तिनं दोनदा गरम केलेलं जेवण पुन्हा गार व्हायचं. पण हे सगळं गिऱ्हाइकांसमोर बोलायची काय गरज होती? वस्ताद आरशातल्या बायकोला म्हणाले की घ्यायचीच आहे, आजच घेणार होतो, तूच मध्ये आलीस.

मास्तरांनी पेपरची घडी घातली. माणसाच्या मनातलं खोटं ओळखायची ही त्यांची शाळेतली जुनी खोड.

"वस्ताद," ते म्हणाले, "तुम्ही जी निवडाल आणि स्वतः चालवत या दारापर्यंत आणाल तीच मी घेईन. आणि पुन्हा जन्मात तुमच्या बोलण्यात तोंड घालणार नाही. पण चालवत आणली नाहीत, तर यापुढे कुणाला सल्ला द्यायचा नाही. कशाचाच."

बाकावर बसलेली माणसं वस्तादांकडे बघत होती. सल्ला द्यायचा नाही? मग दिवसभर करायचं काय? नुसत्या दाढ्या? पण तोंड होतं ना, ते गप्प बसेना. खुर्चीवर टपाल कचेरीतला कारकून होता, एक गाल साफ आणि दुसऱ्या गालावर फेस. वस्तादांनी वस्तरा फळीवर ठेवला, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "बसा निवांत. हा फेस वाळायच्या आत आलो."

डबा फळीवर ठेवून बायको बाकावर बसली.

सायकलवाली पोरगी चटपटीत होती. तिनं आधी वस्तादांच्या पायांची लांबी टेपनं मोजली, मग रोज किती जायचं, वाटेत चढ आहे का, बॅटरी वर घरात नेणार का, हे विचारलं. याची उत्तरं वस्तादांनी झकास दिली. मग ती म्हणाली, "काका, याआधी कुठली चालवत होता?"

"बऱ्याच," वस्ताद म्हणाले आणि घाईनं एका टायरकडे वळले.

पुढचा अर्धा तास काय सांगावा! मागोमाग आलेले मास्तर आणि बाकावरची मंडळी दुकानाच्या दारात उभी, आणि वस्ताद एकेका सायकलवर बसून नापास करत निघालेले. एकीच्या हँडलला म्हणे गर्व आहे. दुसरीची सीट आळशी. तिसरीच्या दांडीवर त्यांनी बोटानं टकटक केलं, कान लावला आणि नुसतीच मान हलवली, जसा डॉक्टर नातेवाइकांसमोर हलवतो. सायकलवालीनं प्रत्येक वेळी अंगणात एक चक्कर मारून बघा म्हटलं, आणि प्रत्येक वेळी वस्ताद म्हणाले की नजरेला कळतं, चक्कर कशाला.

खरं कारण सांगू? सीटवर बसलं की त्यांचे पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते. नुसते अंगठे टेकत, आणि ते घाबरून हँडल आवळून धरत. नापास होत होते ते स्वतःच, पण ते गुणपत्रिका सायकलींना देत होते.

शेवटी अगदी कोपऱ्यात एक दिसली. बुटकी, जाडजूड, लहान चाकांची. मधली दांडी एवढी खाली की पाय न उचलता चढावं. मागे लांबलचक कॅरिअर, त्यावर गादी आणि धरायला कठडा. घरचं सामान आणि दोन पोरं न्यायची ती सायकल होती. वस्ताद बसले. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट! त्यांना इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

"ही," ते म्हणाले.

मास्तरांनी विचारलं, "कारण?"

"गुरुत्वमध्य," वस्ताद म्हणाले.

मंडळींमध्ये हा शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेला. सायकलवालीनं मात्र वस्तादांकडे नीट बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली की काका, पहिल्यांदाच शिकणाऱ्यानं हीच घ्यावी, अगदी योग्य निवडलीत. म्हणजे बघा, एवढ्या वर्षांत वस्ताद पहिल्यांदा खरोखर बरोबर ठरले होते, आणि तेही घाबरल्यामुळे.

तिनं सायकल बाहेर काढली आणि मोटर एक नंबरवर लावून दिली. वस्ताद हँडल धरून उभे राहिले. सलूनचं उघडं दार गल्लीच्या खालच्या टोकाला समोरच दिसत होतं. पाय टेकत टेकत उतरून जाऊ, असा त्यांचा बेत होता. तेवढ्यात मास्तर पुढे वाकले.

"वस्ताद, एक नंबर म्हणजे मोटरचा अपमान ना?"

सगळी गल्ली बघत होती. वस्तादांनी बटण दाबत दाबत पाच नंबर लावला.

एक पाय पायडलवर पडला आणि कुणीतरी कॉलर धरून खेचल्यासारखे ते पुढे निघाले. या सायकलची गंमत अशी की पाय मारले की मोटर जोर लावते. वस्ताद घाबरले की पाय मारत, पाय मारले की सायकल सुटे, सायकल सुटली की ते आणखी घाबरत. ब्रेक दाबला की मोटर बंद पडते हे त्यांच्या तोंडाला चांगलं माहीत होतं. हातांना कुणी कळवलं नव्हतं.

आणि तरी ते पडले नाहीत! शिंपी दाराबाहेर आला, फुलवालीनं बादली आत ओढली, एक कुत्रं जागचं उठून दुसरीकडे जाऊन बसलं. वस्ताद तोल सांभाळून चालले होते. सरळ रस्त्यावर नजर ठेवली असती तर इतिहास घडला असता. पण हँडलला डावीकडे एक छोटा गोल आरसा होता, आणि त्या आरशात मास्तर आणि अख्खी मंडळी ओरडत मागून धावत येताना दिसत होती.

आरशात माणूस बोलतोय म्हटल्यावर त्याच्याकडे बघून उत्तर द्यायचं, हा वस्तादांचा जन्माचा धंदा.

"काय म्हणताय?" त्यांनी आरशाला विचारलं.

मंडळी म्हणत होती, ब्रेक.

"मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही," वस्ताद म्हणाले, आणि बोलता बोलता सलूनच्या दारातून आत आले.

टपाल कारकून वाळलेला फेस ब्रशनं स्वतःच पुन्हा ताजा करून आरशासमोर बसला होता. त्याला भिंतीवरच्या आरशात वस्ताद सायकलवर आपल्याच अंगावर येताना दिसले आणि त्यानं डोळे मिटून घेतले. जमिनीवर सकाळपासूनचे केस झाडायचे राहिले होते. त्या केसांवर चाक घसरलं, खुर्ची वर-खाली करायच्या दांडीवर आदळलं, आणि खुर्ची सुस्कारा सोडत खाली बसली आणि गरगर फिरायला लागली. कारकुनाच्या गालावरचा फेस सगळ्यांना थोडा थोडा मिळाला. मास्तरांना टकलावर मिळाला. खुर्ची थांबली तेव्हा कारकुनाचं तोंड बरोबर वस्तादांसमोर होतं.

वस्ताद त्याच्याकडे बघतच राहिले. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, पण सरळ समोरून आज पहिल्यांदा दिसत होतं.

"तुमचा भांग भलत्याच बाजूला आहे की हो," ते म्हणाले.

कारकुनाच्या गळ्यावर त्या वेळी वस्तरा नव्हता. त्यामुळे त्याला वाचा फुटली.

"वस्ताद, तुम्हाला सायकल येत नाही," तो म्हणाला.

झालं. एकाला धीर आला की सगळ्यांना येतो. कुणाला तो फ्रीज आठवला, ज्याच्यात पाणी गरम व्हायचं. छपराला वस्तादांनी सांगितलेला लेप लावलेला माणूस अजून छत्री घेऊन जेवत होता. एकाचा जावई वस्तादांनी नजरेनं पसंत केलेला होता, त्याचं तर विचारूच नका. वस्ताद सायकलवर तसेच बसून होते, दोन्ही तळवे जमिनीला टेकवून. खाली मान घालून ऐकत होते. त्यांना फार लाज वाटली, आणि कुठे बघावं ते कळेना, म्हणून ते आरशात बघायला गेले तर तिथेही तेच होते.

मास्तरांनी टकलावरचा फेस पुसला. आता हे काय बोलतात म्हणून सगळे थांबले.

"चालवत आणली," मास्तर म्हणाले. "दारापर्यंत ठरलं होतं, थोडी आतच आली. पण शब्द म्हणजे शब्द. मीही अशीच घेणार आणि आजपासून मी गप्प."

आणि ते खरोखरच गप्प झाले. वस्ताद जिंकले होते, पण त्यांना कुणी जिंकल्यासारखं बघत नव्हतं.

संध्याकाळी सलून बंद करताना बायको सायकलवालीचे पैसे चुकते करून परत आली. तिनं काही न विचारता सायकल वळवून घेतली, पदर खोचला, मोटर दोन नंबरवर लावली आणि पुढे बसली. "बसा मागे," ती म्हणाली. वस्ताद कठडा घट्ट धरून गादीवर बसले, रिकामा डबा मांडीवर. सायकल चढावर अशी निघाली की जणू तो उतार होता.

"तुला येते?" वस्तादांनी तिच्या पाठीला विचारलं.

"पहिल्यापासून."

"आणि मला येत नाही हे..."

"पहिल्या भेटीपासून माहीत आहे. मी सायकलवरून चालले होते आणि तुम्ही कडेला उभं राहून मला कशी चालवायची ते सांगत होता. म्हटलं, माणूस वाईट नाही, कुणीतरी बरोबर घेऊन जायला पाहिजे."

पुढे वळण आलं, आणि वस्तादांनी डावीकडे घे म्हणून सांगितलं. ती उजवीकडे वळली, कारण घर उजवीकडे होतं. वस्ताद अजून हँडलवरच्या आरशातच बघत होते. घरी पोचल्यावर तिनं पान्ह्यानं तो आरसा काढून फळीवर ठेवून दिला आणि हा तुम्ही शिकल्यावर परत लावू, असं सांगितलं. जेवण गरम होतं.

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये नुसता वस्तऱ्याचा आवाज. वस्ताद खाली मान घालून दाढी करत होते. मास्तर पेपर तोंडासमोर धरून शब्दाला जागत होते. खुर्चीवर एक नवंच गिऱ्हाईक होतं, त्याला कालचं काही ठाऊक नव्हतं. वस्तरा गळ्यापाशी आला तेव्हा त्यानं सहज विचारलं की वॉशिंग मशीन घ्यायचंय, वस्ताद, वरून उघडणारं बरं की समोरून?

बाकावरच्या सगळ्या माना वर झाल्या. वस्तादांचं तोंड सवयीनं उघडलं. मग मिटलं. पेपरच्या मागून मास्तरांनी काहीतरी बोलावं म्हणून ते क्षणभर थांबले, पण पेपर हलला नाही. वस्तादांनी आरशातून नजर काढून गिऱ्हाइकाकडे सरळ बघितलं.

"खरं सांगू का," ते म्हणाले, "मला त्यातलं काही म्हणजे काहीच कळत नाही."

गिऱ्हाइकाची नजर गळ्यावरच्या वस्तऱ्याकडे गेली.

"अगदी बरोबर बोललात, वस्ताद," ते म्हणालं.

मास्तरांचा पेपर थरथरायला लागला.