आठ खुर्च्या, आठ माणसं

"गोल बसलेल्या माणसांचं कोडं? डोळे मिटून ओळखीन, कोण कुठे ते!" नोकरीच्या परीक्षेला निघताना ताईने वडिलांना ऐकवलं.

वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. वडील नुसते हसले. सिनेमा थिएटरात बॅटरी घेऊन लोकांना खुर्चीवर बसवण्यात त्यांची हयात गेली होती. वर्षभरापासून मात्र चष्मा फ्रिजमध्ये आणि दूध चपलांच्या कपाटात सापडू लागलं होतं.

परीक्षेत आठ जण आलेच! डॉक्टर वकिलाशेजारी बसेना, शिक्षिकेला पायलट समोरच हवा. एकाला बसवावं तर दुसरा रुसलेल्या आत्यासारखा उठून जाई! घंटा झाली तेव्हा पाच जण उभेच होते. बाकीचे प्रश्न तर तिने वाचलेसुद्धा नव्हते.

ताई घरी आली, तर दार सताड उघडं. आत गोल मांडलेल्या आठ खुर्च्यांवर आठ शेजारी! शिंपीकाकांच्या शर्टाला चिठ्ठी टाचलेली: वकील. पलीकडच्या वहिनी डॉक्टर. भर दुपारी बॅटरी पेटवून वडील ओरडत होते, "हलू नका! खेळ सुरू व्हायचाय!"

"अगं, तुझ्या सरावाचा कागद घेऊन दारोदार फिरले," शिंपीकाका कुजबुजले. "म्हणाले, पाहुण्यांना जागा सापडत नाहीत. नाही कसं म्हणायचं?"

"तीनदा उठवून बसवलंय मला!" वहिनी कळवळल्या. "गॅसवर दूध आहे माझं!"

ताईने कागद उचलला. तीन दिवस तिला न सुटलेलं कोडं होतं ते. तिने एकेक खुर्ची ताडून पाहिली. आठही माणसं बरोबर जागेवर!

"बाबा! सोडवलंत की हो तुम्ही!" दिवसभरात ती पहिल्यांदा हसली.

बॅटरीचा झोत तिच्या तोंडावर आला.

"तिकीट?"

"बाबा, मी आहे..."

"तिकिटाशिवाय आत सोडता येत नाही, बाई."

कोणी हसलं नाही. वहिनींनी पदर तोंडाला लावला. ताईने पर्स चाचपली आणि हाताला लागलं ते परीक्षेचं हॉलतिकीट पुढे केलं. वडिलांनी फोटो पाहिला, तिचा चेहरा पाहिला, त्यावरची सकाळची वेळ वाचली. मग सवयीने अर्धं फाडून उरलेलं तिच्या हातावर ठेवलं.

"उशीर केलात," ते हळहळले. "हा खेळ सकाळीच संपला."

शिंपीकाका तिला जागा द्यायला उठू लागले.

"बसा हो! सगळं बिघडेल!" वडील खेकसले.

मग ताई उंबऱ्यावरच बसली.