खिडकीकडे जाणारा जिना

वेळेवर येणारा माणूस एकटाच येतो. उशिरा येणाऱ्याचे आगमन मात्र सार्वजनिक असते, कारण सगळे हातचे काम टाकून त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असतात. सहकाऱ्यांना एकत्र आणण्याचा याहून स्वस्त उपाय मला तरी ठाऊक नाही. (माझे वाचन जुने आहे, नवा निघाला असल्यास कळवावे.)

आमच्या इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर शस्त्रक्रिया विभाग बांधून झाला. खाटा आणि यंत्रे क्रेनने वर गेली. राहिला फक्त जिना. नियम असा, की बांधकामावरच्या इंजिनिअर साहेबांनी सळया तपासून सही केल्याखेरीज जिन्यात काँक्रीट ओतायचे नाही. काँक्रीटची गाडी नऊला येई. साहेब जेवणाच्या सुमारास. मधल्या वेळात गवंडी, सुतार, रंगारी आणि वायरमन यांच्यात इतका जिव्हाळा वाढला, की दोन सोयरिकी जुळल्या. काँक्रीटला मात्र मोठ्यांसाठी थांबण्याचे वळण नसते. ते गाडीतच घट्ट होऊ लागले, की ड्रायव्हर ते बाहेरच्या भिंतीलगत ओतून निघून जाई.

माल फुकट जाताना पाहून गवंड्यांचे हात शिवशिवतात. त्यांनी त्या ढिगाला थापी मारून पायऱ्या काढल्या. (त्या पायऱ्यांना सही लागली नाही, कागदोपत्री तो कचरा होता.) ढीग वाढला, पायऱ्या वाढल्या. अखेर नियोजन विभागाने वेळापत्रक सुधारले : ‘साहेबांचा उशीर याच गतीने चालू राहिल्यास बाहेरचा जिना लवकरच वरच्या खिडकीला पोचेल. सबब रुग्णांना खिडकीतून आत घ्यावे.’ बेशिस्तीला इतक्या शिस्तीत बसवलेले मी प्रथमच पाहिले.

बांधकामावरच्या मुकादमाच्या बायकोच्या हृदयाची झडप बदलायची होती. तिला सोमवारची तारीख मिळाली. बाहेरचा जिना खिडकीला पोचायला काँक्रीटची एकच गाडी कमी होती. आणि शनिवारी गाडीपाठोपाठ साहेबही नऊला हजर!

मुकादमाच्या तोंडचे पाणी पळाले. सही झाली, तर गाडी आतल्या जिन्यात रिकामी होणार, आणि तो काही एका गाडीत होणारा नव्हता.

“साहेब, तुम्ही? आत्ता? घरी सगळं ठीक आहे ना?”

“सही करायला आलोय. कागद आण.”

“सही कुठं पळून जातेय? आधी चहा घ्या.”

“अरे, उशिरा आलो तर तोंडं पाडता, वेळेवर आलो तर चहाला धाडता!”

“आजच्या दिवस उशीर करा, साहेब. पाया पडतो. आमच्या हिला सोमवारी वर न्यायचंय.”

साहेब गडबडले. माणूस मुळात वाईट नव्हता. (उशिरा येणारे सहसा नसतात.) ते चहाला गेले. दुसऱ्यासाठी उशीर करण्याची सवय नसल्यामुळे ते सारखे घड्याळ बघत होते.

सोमवारी मुकादमाने बायकोला धरून पायरीपायरीने वर नेले.

“खाली बघू नकोस.”

“मी कुठं बघतेय? पाय तर तुमचे लटपटताहेत,” ती म्हणाली.

आता ती टेबलावर निजली आहे. नऊ कधीच वाजून गेले. सगळे सहकारी जमले आहेत. फक्त शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर यायचे आहेत. सकाळी काहीतरी वाचून संपवल्याशिवाय त्यांचा घरातून पाय निघत नाही, असे कळते.

आपण ते डॉक्टर असाल, तर हे संपवूनच निघावे. थोडेच राहिले आहे. नसाल, तर आपली वाट दुसरीकडे पाहत असतील. तिथेही घाई नको. सगळे जमलेच आहेत.