चिमटीतला फोटो

आमचे सोपानराव बोलायला लागले की आधी उजव्या हाताची चिमूट नाकाच्या मुळाशी नेत, कातडी वर ओढून धरत आणि विचारत, "आता बघा. हाय का न्हाई फरक?" समोरचा हो म्हणेपर्यंत हात सोडत नसत.

त्यांचं दुखणं असं की डोळ्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यांवर कातडीची बारीक घडी उतरली होती. नजर लख्ख. पण या गृहस्थाला त्या घडीपायी चारचौघांत तोंड दाखवायची चोरी. दोष सगळा सुईणीवर. "तेल लावताना म्हातारीनं नाक नीट वडलं न्हाई. चिमूटभर कातड्याचा प्रश्न हाय, राव." ती बाई केव्हाच वर गेली होती म्हणून बरं, नाहीतर यांनी चाळिशीत तिच्या पायांवर अंघोळीला लोळण घेतली असती.

खरं कारण कारखान्याच्या फाटकावर उभं होतं. पिंपरीला आमचा कारखाना नवा निघाला, तेव्हा थापा नावाचा नेपाळी गुरखा पहाऱ्याला आला. त्याचे डोळे थेट सोपानरावांसारखे. कुणीतरी "गुरख्याचा भाऊ" म्हणालं आणि ते नाव चिकटलं. कुणीतरी म्हणजे मीच. तेव्हा त्याची लाजबीज काही वाटली नव्हती.

पुढे फोटोचे पास निघाले. फोटोग्राफर "आता हलू नका" म्हणाला आणि नेमक्या त्याच क्षणी सोपानरावांची चिमूट वर गेली. पासावर एक पंजा आणि त्याच्यामागे उरलेले सोपानराव. थापानं पास पाहिला, माणूस पाहिला. आपल्यासारखं दिसण्याचा या माणसाला कमीपणा वाटतो, हे त्याला कधीच कळलं होतं. "साब, फोटो जैसा करो," तो शांतपणे म्हणाला. तेव्हापासून रोज सकाळी सोपानराव नाक चिमटीत धरून कामावर जात आणि मागची रांग खिदळत असे. असा बावळट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अशात मुंबईला कुणी डॉक्टर लढाईत भाजलेल्यांचे चेहरे नीट करतो, असं त्यांच्या कानावर आलं. मुंबई माहितीची म्हणून मला सोबत ओढलं. डॉक्टरांनी विचारलं, "दिसायला त्रास होतो?"

"न्हाई."

"मग?"

सोपानरावांनी नाकावरची चिमूट सोडून घडी दाखवली. डॉक्टरांनी सुस्कारा टाकला, दोन्ही कोपऱ्यांवर जांभळ्या शाईनं खुणा केल्या आणि कुठे कापणार ते आरशात समजावलं. ऑपरेशन सोमवारी ठरलं. शाई पुसून जा म्हणाले, तर हे महाशय ती तशीच मिरवत गावी आले.

ओट्यावर त्यांची सहा वर्षांची सुमन उभी होती. एकुलती लेक, डोळे हुबेहूब बापाचे, घडीसकट.

"ह्ये काय, आबा?"

"हितलं कापायचं. वंगाळ दिसतं."

पोर घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत काजळाचे दोन ठिपके होते. "माजं बी कापा," ती म्हणाली.

मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सोपानराव खाली बसले. धोतराच्या सोग्याला तेल लावून त्यांनी आधी तिचं काजळ पुसलं, मग स्वतःची शाई. ती काही केल्या निघेना. "तुजं काय बी वंगाळ न्हाई, बाय," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

सोमवारी ते मुंबईला गेले नाहीत, कारखान्यावर आले.

"फोटो जैसा करो," थापा म्हणाला.

"न्हाई करणार." हात कोटाच्या खिशात.

थापानं आत सोडलं नाही. मी गेलो. कामात लक्ष लागेना. दुपारच्या सुट्टीत बाहेर आलो, तर ते फाटकापाशी उन्हात तसेच उभे. तेवढ्यात त्यांची बायको डबा घेऊन आली, बोटाला सुमन. पोरीनं थापाकडे टक लावून पाहिलं.

"आबा, ह्याचं डोळं आपल्यावानी हायत."

"व्हय, बाय. भाऊ हाय माजा."

थापानं पोरीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि पास न मागता फाटक उघडलं. ते नाव मीच ठेवलेलं. माझ्या तोंडून ते इतकं चांगलं कधी निघालं नव्हतं.