आज कोण, गुरुजी?

शाळेत नवं शैक्षणिक साहित्य आलं की माने गुरुजी चष्मा काढून ठेवत, नाहीतर कानांत कापूस कोंबत, आणि पोरांच्या मागे भिंतीशी जाऊन बसत.

"आज कोण, गुरुजी?" मी विचारी.

"आज मला दिसत न्हाई, बाई. हा तक्ता मला कळावा कसा?"

ठोकळे असोत की चित्रकार्डं, त्यांचा प्रश्न एकच, "हे कुणाला कळणार न्हाई?" वेल्ह्याकडच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत कुणाला कमी दिसे, कुणाला ऐकू येत नसे, कुणी अक्षरं उलटी काढी. एखादं पोर मागे राहील, या धास्तीनं गुरुजींना झोप नसे. एकदा कापूस कानातच राहिला आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी नाव विचारल्यावर ते म्हणाले, "खिचडी!"

आता गुरुजी नाहीत. खिचडी आठवून हसू येतं, आणि मग हौसा आठवते.

हौसा धनगरवाड्यावरची, शाळेत नवी. बापानं आधीच बजावलं होतं, "दोन दिसांनी कळप घेऊन आमी खाली उतरतोय. पोरगी रमली तर आजीपाशी ऱ्हाईल, न्हाईतर संगं नेतो."

गुरुजींनी नीट पारखून घेतलेलं कार्ड तिच्यापुढे धरलं. पांढरी, गुबगुबीत मेंढी.

"कुत्रं," हौसा म्हणाली.

वर्ग फिदीफिदी हसला. "धनगराची आन् मेंढी वळखंना!"

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

"बाई, ह्यांची मेंढरं काळी हो!" गुरुजींचा चेहरा उतरला. "समदी पोरं झालो, धनगराचं तेवढं झालो न्हाई."

शाळा सुटताच आम्ही वाड्याची चढण धरली. "गेली नसतील ना?" ते धापा टाकत पुनःपुन्हा विचारत होते.

वाड्यावर गाठोडी बांधून झाली होती. हौसा काळं कोकरू कवटाळून बसलेली. गुरुजी तिच्यासमोर मातीतच बसले.

"तुझं बरोबर व्हतं, पोरी. म्याच चुकलो."

ती वर बघेना. मग हळूच म्हणाली, "ते चित्तर आदी कुणाला दावलं न्हाई व्हय?"

"कुणाला दावू? घरी मी एकलाच. म्हनून मीच आंधळा व्हतो, मीच बहिरा व्हतो."

हौसानं कोकरू सोडलं.

"मग मला दावत जावा. शाळा भरायच्या आदी. मी येत जाईन लवकर."



बाप दोर वळता वळता थांबला. म्हातारीला म्हणाला, "आये, हिची वाकळ गाठोड्यातनं काढ."