प्रतिनियुक्तीवर आलेली दाढ

गेल्या वर्षी माझ्या खालच्या जबड्यातल्या डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेवर दिवंगत कालवा निरीक्षक सोपानराव वाघचौरे यांची दाढ प्रतिनियुक्तीवर आली आणि तिसऱ्या दिवसापासून बोलू लागली.

यात नियमबाह्य काही नव्हतं. आमच्या जिल्ह्यात ब्रिजची मधली दाढ नवी बनवत नाहीत. चांगल्या अवस्थेतल्या दाढा माणसाच्या पश्चात जमा होतात, तपासल्या जातात आणि गरजूंना तीन वर्षांसाठी दिल्या जातात. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे, त्यांच्यावर टोप्या चढवायच्या आणि त्या टोप्यांच्या मध्ये आलेली दाढ जोडायची. तिला खाली मूळ नसतं. ती शेजाऱ्यांच्या आधारावर उभी असते. माझे शेजारचे दोन्ही दात निरोगी होते. त्यांचं काही चुकलेलं नसताना त्यांना घासणं योग्य आहे का, यावर मी पाच आठवडे विचार केला. शेवटी डॉ. निगडे बाई म्हणाल्या, "सर, तुमचा विचार होईपर्यंत वरची दाढ खाली उतरायला लागलीय."

दाढेला नवीन वाक्य तयार करता येत नाही, हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं. आधीच्या माणसाने जी वाक्यं उच्चारली तीच ती पुन्हा बोलते. कुठलं कधी येईल, याला क्रम नसतो. दाढ ज्याच्या तोंडात असेल त्याने एक वही ठेवायची आणि प्रत्येक वाक्य तारीख व वेळ घालून तीत लिहायचं. मी लिहीत गेलो. पहिल्या आठवड्यात "तीन नंबरचं दार दोन बोटं उचल" हे अकरा वेळा आलं. "वाढ" हे नऊ वेळा. "कुणी सांगितलं तुला?" हे एकदाच आलं, पण ते ग्रंथालयात आलं आणि समोर ग्रंथपाल होते.

मी चौतीस वर्षं महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलं. बोलण्याआधी वाक्य खरं आहे का हे तपासायचं, खरं असलं तर ते म्हणण्याचा मला अधिकार आहे का हे तपासायचं, आणि एवढं होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. दोनदा माझं लग्न ठरत आलं होतं. दोन्ही वेळा मी विचाराला थोडी मुदत मागितली. अशा माणसाच्या तोंडात एकदम कालव्यावर हुकूम सोडणारा आवाज आला, तेव्हा मी घाबरलो. दहाव्या दिवशी मी दाढ परत पाठवण्याचा अर्ज केला. सोबत चार परिशिष्टं जोडली.

परत पाठवलेली दाढ दुसऱ्या कुणाला देत नाहीत. तिची पूड करतात. हे मी अर्ज देताना वाचलं होतं. त्याचा कुणाला त्रास होईल असं मला वाटलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात दंत विभागाचे लिपिक अंबुरे एका बाईंना घेऊन माझ्याकडे आले. बाई सत्तरीच्या, उंच, हातात कापडी पिशवी. अंबुरे म्हणाले, "सर, या यमुनाबाई वाघचौरे. दाढेच्या पत्नी. वारसाला दर गुरुवारी चार ते साडेचार भेटीचा हक्क असतो. मी हजर राहणार, रजिस्टरवर सही घेणार. तुम्ही फक्त तोंड थोडं उघडं ठेवायचं."

मी बाईंना बसायला खुर्ची दिली. त्या बसल्या आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता डाव्या गालाकडे बघू लागल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी आलेय."

बराच वेळ काही झालं नाही. मग माझ्या तोंडून आलं, "चहात साखर हाय का नाही?"

"हेच बोलणार," बाई अंबुरेंना म्हणाल्या. "पन्नास वर्षं हेच ऐकलंय. सर, तुम्हाला त्रास होतोय का हो?"

"मला नक्की सांगता येणार नाही," मी म्हणालो.

"हे तुम्ही बोललात, होय ना? ह्यांना सगळं नक्की असायचं."

त्यांना एकच गोष्ट हवी होती आणि ती त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकली. बावीस वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा विलास घर सोडून गेला. वडिलांना त्याला खात्यात चिकटवायचं होतं, त्याला इंदूरला एका छापखान्यात जायचं होतं. भांडण झालं. सोपानराव त्याच्या मागोमाग स्टँडवर गेले आणि तासाभराने एकटे परत आले. "मी तिघांची ताटं वाढून ठेवली होती," बाई म्हणाल्या. "वाटलं, घेऊन येतील. आले ते हात धुवून पाटावर बसले. मी विचारलं, काय बोललात त्याला? तर म्हणाले, वाढ." त्यानंतर मुलाचं पत्र नाही. पत्ता भाचीकडून मिळालेला. बाईंनी स्वतःही लिहिलं नव्हतं, कारण काय बोलणं झालंय हे कळल्याशिवाय कुठून सुरुवात करायची, हे त्यांना समजत नव्हतं. सोपानराव गेले तेव्हा दाढ द्यायला त्यांनी संमती दिली ती एवढ्यासाठीच. स्टँडवरचं वाक्य त्या दाढेत असणार होतं.

"तर्काला धरून आहे," मी म्हणालो. पुष्कळ वर्षांत मी एखाद्या माणसाशी इतक्या लवकर सहमत झालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी विभागात जाऊन अर्ज मागे घेण्याची विनंती केली.

अंबुरे हळहळले. "सर, तुमचा अर्ज इतका मुद्देसूद होता, की साहेबांनी तो नमुना म्हणून तालुक्यांना पाठवलाय. नमुना मागे कसा घेणार?"

"मग निदान उशीर होऊ शकेल का?"

"इतर अर्जांना दीड वर्ष लागतं. तुमच्यात शंकेला जागाच नाही. तीन महिन्यांत आदेश निघेल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एखादं परिशिष्ट कमी जोडलं असतंत तरी चाललं असतं."

तेव्हापासून आम्हा दोघांना गुरुवारांची मोजदाद लागली. बाई पिशवीतून कधी धपाटे आणायच्या, कधी शेंगदाण्याची चटणी. ओळखीची चव लागली तर दाढ बोलती होईल, असा त्यांचा हिशेब होता. दाढ बोलायचीही. पाणी, दार, चहा, मेव्हण्याची अक्कल. एकदा अगदी हळू आवाजात "यमे, पाय दुखतात का?" असं आलं. बाई म्हणाल्या, "हे मला कधीच विचारलं नव्हतं. झोपेत म्हणाले असतील." अंबुरेंनी वेळ संपल्याचं त्या दिवशी जरा उशिरा सांगितलं.

माझं मात्र वेगळंच होऊ लागलं होतं. भाजीवाल्याला मी भाव विचारायचो तेव्हा तो निमूटपणे सांगायचा. शेजारी वाट सोडायचे. तोंडून निघालेलं वाक्य दाढेचं की माझं, हे मी सुरुवातीला जिभेवरून ओळखत असे. दाढ बोलताना जीभ डावीकडे ओढली जाते. नंतर ती बहुतेक वेळ डावीकडेच राहू लागली.

आदेश आला. एकवीस दिवसांत दाढ जमा करायची होती. म्हणजे तीन गुरुवार राहिले.

त्यातल्या पहिल्या गुरुवारी काही आलं नाही. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी दाढी करत होतो. आरशात बघत असताना माझं तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "विलास, आता या घराची पायरी चढायची नाही. आई मेली तरी."

मी वस्तरा खाली ठेवला. वही काढली. तारीख लिहिली, वेळ लिहिली. सहा वाजून पन्नास मिनिटं. पुढे काही लिहिलं नाही. साडेतीन महिन्यांत मी "वाढ" हा शब्द दोनशे चौदा वेळा नोंदवला होता. हे एक वाक्य मी नोंदवलं नाही. आयुष्यात मी कधी एखाद्या विद्यार्थ्याचा अर्धा गुणही इकडचा तिकडे केला नव्हता. ती रेघ अजून कोरी आहे.

दुसऱ्या गुरुवारी मी ताप आल्याचं कळवलं. तेही खोटं होतं.

शेवटच्या गुरुवारी बाई आल्या त्या पिशवीशिवाय. अंबुरेंनी एक छापील नमुना टेबलावर ठेवला होता. त्यात एक रकाना होता, वारसाचं समाधान झालं किंवा नाही.

"अहो," बाई म्हणाल्या, "आज शेवटचं विचारते. नंतर तुमची पूड होणार. स्टँडवर काय बोललात त्याला?"

मी जबडा घट्ट मिटून घेतला. बंद जबड्यात दाढेला बोलता येत नाही. अर्धा तास असाच काढायचा, असं मी ठरवलं होतं. बाई थांबल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले.

"बोलणार नाहीत," त्या म्हणाल्या. "घरीसुद्धा असंच तोंड मिटून बसायचे. सर, तुम्ही कशाला ओठ आवळताय? तुमचा काय दोष?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. जीभ डावीकडे गेली आणि आवाज आला, "विलास, आता..."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

वाक्य पुढे येत होतं. मला ते घशात जाणवत होतं. मी जीभ सगळा जोर लावून उजवीकडे खेचली. "आता थांब," मी म्हणालो. "जाऊ नकोस. आई ताट वाढून बसलीय."

अंबुरेंनी लिहिणं थांबवलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, पहिल्यांदाच गालाकडे नाही तर डोळ्यांकडे.

"हे ह्यांनीच म्हटलं ना?" त्यांनी विचारलं.

"त्यांनीच," मी म्हणालो.

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी नमुन्यात 'झालं' या शब्दापुढे सही केली. खाली माझीही सही लागत होती. वरील वाक्य दाढेचंच असल्याबद्दल. मी केली.

सोमवारी डॉ. निगडे बाईंनी ब्रिज कापून काढला. घासलेल्या दोन दातांवर सुट्या टोप्या बसवल्या. दाढ पाकिटात गेली, पाकिटावर अंबुरेंनी क्रमांक घातला. मधली जागा पुन्हा रिकामी झाली आणि माझं घर अतिशय शांत झालं.

पुढच्या गुरुवारी चार वाजता दार वाजलं. यमुनाबाई होत्या. भेटीचा हक्क आता उरला नव्हता, अंबुरेही सोबत नव्हते. त्या आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या.

"विलासला पत्र टाकलं," त्या म्हणाल्या. "लिहिलं, तुझे वडील तुला थांब म्हणाले होते. जाऊ नकोस म्हणाले होते. ते शब्द लिहून दिलेत, सह्यांनिशी, असंही लिहिलं."

हे मी लक्षात घेतलं नव्हतं. स्टँडवर दोन माणसं होती. एकाची पूड झाली होती. दुसरा इंदूरला होता आणि त्याला काय बोलणं झालं ते शब्दशः माहीत होतं. चौतीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की निष्कर्ष मांडण्याआधी त्यातून पुढे काय निघतं ते बघा. मी बाईंना पाणी दिलं.

पाच गुरुवार त्या आल्या आणि पत्राविषयी बोलल्या नाहीत. मी जेवण अर्ध्यावर आणलं. डाव्या बाजूने थंड पाणीही सोसत नव्हतं.

सहाव्या गुरुवारी त्यांनी एक आंतरदेशीय माझ्यापुढे ठेवलं. "वाचा. माझा चष्मा राहिलाय." चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला होता.

पत्र चार ओळींचं होतं. मी मोठ्याने वाचलं. "आई, तुझं पत्र मिळालं. बाबा तसं म्हणाले असतील. गाडी सुरू होती, त्या आवाजात मला नीट ऐकू आलं नसेल. येणं होईल असं वाटत नाही. विलास."

मी ते पुन्हा एकदा वाचलं, मनात. त्यात कुठेही विसंगती नव्हती.

"ऐकू आलं नसेल म्हणतो," बाई म्हणाल्या.

"शक्य आहे," मी म्हणालो.

"बावीस वर्षं गेली त्यात." त्यांनी पत्राची घडी उलगडली, पुन्हा घातली. बाहेर फुलवाली हाका मारत होती, ती पुढच्या गल्लीत गेली. मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक कोरं आंतरदेशीय आणि पेन काढलं, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कागद टेबलावर सपाट केला.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

विचारताना त्या माझ्या डाव्या गालाकडे बघत होत्या. तिथे आता काही नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मी मुदत मागितली नाही.

"लिही," मी म्हणालो. "म्हणावं, तुझी खोली तशीच ठेवलीय."

यमुनाबाईंनी मान हलवली आणि लिहायला घेतलं.